कल्पित भाषेसाठी शिव्या कशा घडवाव्यात: नव्याने भाषा रचणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

कथेसाठी किंवा खेळासाठी भाषा रचायला घेतलेला नवखा माणूस साधारणपणे सर्वनामे, अंक, नात्यांची नावे आणि अभिवादने आधी तयार करतो. शिव्यांची आठवण त्याला एखादे पात्र प्रथमच संतापते तेव्हा होते. मग घाईघाईने चारदोन कठोर व्यंजने एकत्र करून एक शब्द बनवला जातो आणि तो पात्राच्या तोंडी घातला जातो. वाचकाला त्या शब्दाने काहीच होत नाही, कारण त्या शब्दामागे कोणतेही जग उभे नसते.

असा शब्द दुबळा का ठरतो, याचा एक प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध आहे. इंग्लंडमधील कील विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ मध्ये दाखवून दिले होते, की बर्फगार पाण्यात हात बुडवून बसलेली माणसे शिवी उच्चारत राहिली, तर त्यांना ती वेदना अधिक वेळ सहन करता येते. २०२० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने हाच प्रयोग खऱ्या शिवीबरोबर 'फाउच' आणि 'ट्विझपाइप' या दोन बनवलेल्या शब्दांवर केला. खऱ्या शिवीचा परिणाम पुन्हा दिसला. बनवलेल्या शब्दांचा मात्र वेदना सहन करण्यावर काहीही परिणाम झाला नाही. शिवीचे बळ लहानपणापासून अंगात मुरलेल्या निषेधातून येते. कल्पित भाषेतल्या शिवीला हे बळ कथेच्या आत, थोड्या पानांत मिळवून द्यावे लागते, आणि पुढील सर्व पायऱ्या त्याच एका कामासाठी आहेत.

पहिली पायरी: पात्राला नेमके काय करायचे आहे ते ठरवा

'शिवी' या एका शब्दाखाली आपण अनेक वेगळ्या गोष्टी गोळा करतो. हातोडी बोटावर बसल्यावर तोंडातून निघतो तो उद्गार असतो. तो कोणाला उद्देशून नसतो. समोरच्याला कमी लेखणारे नाम म्हणजे दूषण. त्याचे वाईट व्हावे अशी इच्छा बोलून दाखवणे म्हणजे शाप. आपल्या बोलण्याला वजन यावे म्हणून पवित्र गोष्टीचे नाव घेणे ही आण, आणि तीच आण वारंवार व खोटेपणाने घेतली गेली की तिची शिवी होते. याखेरीज केवळ जोर देण्यासाठी वाक्यात पेरला जाणारा शब्द असतो, ज्याला स्वतःचा अर्थ जवळजवळ उरलेला नसतो.

हे प्रकार वेगळे ठेवण्याचे कारण व्यावहारिक आहे. उद्गार आखूड असावा लागतो, शापाला क्रियापद लागते, दूषणाला संबोधनाचे रूप लागते. एकाच बनवलेल्या शब्दाने ही सर्व कामे करून घेतली, की ती भाषा शब्दसूचीसारखी वाटू लागते.

दुसरी पायरी: त्या समाजाला कशाची भीती आणि कशाची लाज वाटते ते लिहून काढा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिच्यासाठी हवा तेवढा वेळ द्यावा. खऱ्या भाषांकडे पाहिले, की शिव्यांचे उगम किती वेगवेगळे असू शकतात हे लक्षात येते. कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील फ्रेंचमध्ये तीव्र शिव्या कॅथलिक प्रार्थनास्थळातील वस्तूंच्या नावांपासून आल्या आहेत: 'ताबर्नाक' म्हणजे पवित्र प्रसाद ठेवण्याची पेटी, 'कालिस' म्हणजे विधीतील चषक. जिथे धर्मसंस्थेचा दैनंदिन जीवनावर दीर्घकाळ दाट पगडा होता, तिथे तिच्याच वस्तू संतापाच्या वेळी तोंडात आल्या. डच भाषेत कर्करोग, विषमज्वर आणि क्षय यांची नावे शिव्या म्हणून वापरली जातात. स्वीडिश भाषेत सैतान आणि नरक यांचा भरणा आहे. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत समोरच्याचे डोके शिजवण्याचा उल्लेख हा अत्यंत गंभीर अपमान मानला गेला, कारण त्या परंपरेत डोके हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग आहे आणि शिजवलेले अन्न त्या पावित्र्याच्या नेमके विरुद्ध टोकाला आहे. या शेवटच्या उदाहरणाकडे विशेष लक्ष द्यावे: त्यात स्वतंत्रपणे घाण किंवा अश्लील असे काहीच नाही. दोन निरुपद्रवी गोष्टी एकत्र आणल्या गेल्या आहेत आणि केवळ त्या एकत्र येण्यानेच मर्यादा मोडली आहे.

कल्पित भाषांच्या अनुभवी रचनाकारांनीही हाच मार्ग धरला आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन यांनी रचलेल्या डोथ्राकी भाषेत परक्या माणसासाठी जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'चालणारा' असा होतो. घोड्यावरच आयुष्य काढणाऱ्या समाजात पायी चालणे हीच हीनता ठरते. 'स्टार ट्रेक' मधील क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांसाठी मार्क ओक्रँड यांनी रचलेल्या भाषेतील एक प्रसिद्ध अपमान 'तुझ्या आईचे कपाळ गुळगुळीत आहे' असा आहे, आणि क्लिंगॉन लोकांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे असतात हे ठाऊक असलेल्याला त्यातील जखम लगेच कळते. 'द एक्सपान्स' या अंतराळकथेच्या मालिकेसाठी निक फार्मर यांनी उभारलेल्या बेल्टर भाषेत 'वेलवाला' हा शब्द आहे. लघुग्रहांवर राहणाऱ्यांपैकी जो ग्रहांच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विहिरीत राहणाऱ्यांच्या, बाजूने जातो त्या फितुराला हे नाव मिळते. त्यातला 'वेल' म्हणजे इंग्रजीतील विहीर, आणि 'वाला' आपल्या ओळखीचाच आहे, तो दक्षिण आशियातील भाषांमधून तिथे गेला आहे.

तेव्हा कागदावर चार प्रश्न लिहावेत आणि त्यांची उत्तरे शब्द बनवण्यापूर्वी द्यावीत. या लोकांचा जीव कशावर टांगलेला आहे? कोणती गोष्ट केली तर माणूस समाजाबाहेर जातो? कोणत्या गोष्टीचे नाव मोठ्याने घेत नाहीत? आणि ते स्वतःला कोणापेक्षा श्रेष्ठ समजतात? शरीरधर्म आणि लैंगिकता यांची लाज अनेक समाजांत असते. पण तुमच्या कल्पित समाजात ती असलीच पाहिजे असे नाही. माझ्या मते नवशिक्याने पहिल्या प्रयत्नात ते क्षेत्र मुद्दाम टाळावे. तिथे आपल्याच भाषेतील सवयी हाताला इतक्या लगेच लागतात, की बनवलेली शिवी म्हणजे घरच्या शिवीचे नुसते वेषांतर होऊन बसते.

तिसरी पायरी: एक लहान नमुना पूर्ण करून पाहा

समजा, एक समाज कोरड्या पठारावर राहतो. पाणी खोल, अरुंद विवरांच्या तळाशी आहे. विवरात एकजण उतरतो आणि काठावर दुसरा त्याचा दोर धरून बसतो. दोर धरणाऱ्याने दोर सोडला तर खालचा मरतो, म्हणून 'तुझा दोर मी धरीन' हे या समाजातील विश्वासाचे सर्वांत मोठे वचन आहे, आणि दोर सोडणे हा असा गुन्हा आहे की तो करणाऱ्याचे नावही नंतर घेतले जात नाही.

त्यांच्या भाषेत 'तोग' म्हणजे दोर, 'हक' म्हणजे सोडणे, आणि धातूला 'उस' जोडला की ते काम करणारा असा अर्थ होतो. 'तोगहकुस' म्हणजे दोर सोडणारा. हा शब्द पिढ्यान्पिढ्या रागाच्या भरात उच्चारला गेला असेल तर तो इतका स्वच्छ राहणार नाही, म्हणून तो झिजवून 'तोक्कुस' करावा. हे झाले सर्वांत जड दूषण. रिकामी वर आलेली बादली म्हणजे 'पेख'. काम फसले की कोणीही 'पेख!' म्हणतो आणि ते मुलांसमोरही चालते. शापासाठी 'दाझ' म्हणजे तुटणे या धातूला इच्छा दर्शवणारा 'इक' प्रत्यय लावावा, 'नू' म्हणजे तुझा, आणि वाक्य तयार होते: 'तोग नू दाझिक', तुझा दोर तुटो.

इतक्या थोड्या सामग्रीत एक उद्गार, एक दूषण आणि एक शाप मिळाला, आणि तिन्ही एकाच विवरातून वर आलेले आहेत. पुढच्या पायऱ्यांत हाच नमुना वापरला आहे.

चौथी पायरी: ध्वनी निवडा, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका

ध्वनींचा परिणाम अगदीच नाही असे नाही. शिरी लेव-आरी आणि रायन मकाय या संशोधकांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिब्रू, हिंदी, हंगेरियन, कोरियन आणि रशियन या भाषांतील शिव्या तपासल्या गेल्या. आपल्या वर्णमालेत ज्यांना अंतस्थ म्हणतात, त्या य, र, ल, व यांच्या जातीचे ध्वनी शिव्यांमध्ये इतर शब्दांच्या मानाने कमी आढळले. शिवाय वेगवेगळ्या भाषांच्या भाषकांना बनवलेल्या शब्दांच्या जोड्या देऊन त्यातली शिवी कोणती असेल असे विचारले, तेव्हा असे ध्वनी असलेला शब्द त्यांनी शिवी म्हणून कमी वेळा निवडला. इंग्रजीतील शिव्यांच्या सौम्य केलेल्या रूपांत मात्र हेच ध्वनी अधिक सापडले.

याचा उपयोग दोन्ही दिशांनी करावा. जड शब्दात स्पर्श व्यंजने आणि द्वित्व ठेवावे, जसे 'तोक्कुस' मध्ये 'क्क' आहे. तो शब्द सभ्य माणसांत नरम करून म्हणायचा असेल तर त्याच जागी अंतस्थ आणावा: 'तोल्लुस'. शब्दाचा सांगाडा तसाच राहतो, ऐकणाऱ्याला काय टाळले हे समजते, आणि बोलणाऱ्याला आपण तो शब्द उच्चारला नाही असे म्हणता येते.

एक धोका येथे नोंदवला पाहिजे. काही रचनाकार संपूर्ण भाषाच खरखरीत करतात, कारण तिचे बोलणारे उग्र आहेत. तसे केले तर शिवीला वेगळे वाटण्यासाठी जागाच उरत नाही. जिथे प्रत्येक शब्द घशातून ओरबाडून येतो तिथे संतापाचा शब्द कानाला कसा कळणार? शिवी त्या भाषेच्या ध्वनिनियमांतच बसली पाहिजे, आणि तरीही त्या नियमांच्या एका टोकाला उभी असली पाहिजे.

पाचवी पायरी: व्याकरणाला कामाला लावा

नवखे रचनाकार शब्दांवर थांबतात, आणि तेथेच भाषेतील सर्वांत धारदार साधने वापराविना पडून राहतात. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही: 'अहो' म्हणायच्या जागी कोणी 'ए' म्हटले, तर एकही वाईट शब्द न वापरता भांडण सुरू होऊ शकते. जपानीमधील 'किसामा' हे सर्वनाम एके काळी आदरार्थी होते आणि आज ते समोरच्याला तुच्छ लेखण्यासाठी वापरले जाते. म्हणजे आदराची रूपेही काळाच्या ओघात उलटी होतात.

आपल्या नमुन्यात मध्यम पुरुषाची दोन सर्वनामे ठेवता येतील: ज्याचा दोर आपण धरू त्याच्यासाठी एक आणि अनोळखी माणसासाठी दुसरे. यापुढची पायरी अशी, की समोर बसलेल्या माणसाविषयी तृतीय पुरुषात बोलणे, जणू तो तिथे नाहीच. 'त्याला पाणी हवे आहे का?' असे त्याच्या तोंडावर दुसऱ्याला विचारणे हा या समाजात तोक्कुस म्हणण्याच्या खालोखालचा अपमान ठरेल. कथेत हा प्रसंग शांत स्वरात घडवून आणता येतो, आणि आरडाओरड्यापेक्षा तो कितीतरी अधिक झोंबतो.

प्रत्ययांकडेही लक्ष द्यावे. एस्पेरांतो ही कथेतली नाही, तर जगभरच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून रचलेली भाषा आहे, पण तिच्यात 'आच' हा एक प्रत्यय आहे जो कोणत्याही नामाला लावला की ती वस्तू टाकाऊ, वाईट दर्जाची ठरते. असा एक प्रत्यय आपल्या भाषेला दिला की प्रत्येक नामापासून तुच्छतादर्शक शब्द बनवण्याची सोय पात्रांना मिळते, आणि ती पात्रे लेखकाने यादीत न लिहिलेल्या शिव्याही देऊ शकतात.

सहावी पायरी: प्रत्येक शब्दाचे वजन आणि त्याचा परिणाम ठरवा

कोणता शब्द कोणी, कोणाला, कोणासमोर म्हटला तर काय होते, हे ठरल्याशिवाय शब्द अपुरा आहे. मध्ययुगीन आइसलँडच्या 'ग्रागास' या कायद्यांत पुरुषाच्या पौरुषावर घाला घालणारे तीन शब्द असे होते, की ते ज्याला उद्देशून म्हटले जात त्याला बोलणाऱ्याचा जीव घेण्याचा हक्क मिळत असे. शब्दाचे वजन मोजण्याचे याहून स्पष्ट माप सापडणे कठीण आहे. क्लिंगॉन भाषेत शाप-अपमानासाठी जो शब्द आहे तो 'शब्द' आणि 'आव्हान' या दोन अर्थांच्या नामांपासून बनला आहे, आणि अपमानांची जुगलबंदी हा तिथे मान्यताप्राप्त प्रकार आहे. म्हणजे तिथे चांगली शिवी देता येणे हे कौशल्य गणले जाते. दोन समाजांत अपमानाचे स्थान इतके वेगळे असू शकते, हे पाहून आपल्या समाजाचे स्थान ठरवावे.

प्रत्येक शब्दासमोर निदान एवढे लिहावे: मूल म्हणू शकते का, आईवडिलांसमोर चालतो का, न्यायनिवाड्यात त्याची दखल घेतली जाते का. 'पेख' सर्वत्र चालतो. 'तोग नू दाझिक' भावंडांच्या भांडणात येतो आणि त्याबद्दल चापट बसते. 'तोक्कुस' म्हटल्यावर माणसाला पंचांसमोर आरोप सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध झाला नाही तर त्याचा दोर वर्षभर कोणी धरत नाही. हा शेवटचा नियम एकदा ठरला, की कथेत तो शब्द एकदाच उच्चारला गेला तरी पुरतो.

याच्या उलट दिशेचाही विचार करावा. अनेक भाषांत जवळची माणसे एकमेकांना दूषणांनीच हाक मारतात. 'मेल्या' हा मराठी शब्द मरणाचा आहे, पण तो किती वेळा केवळ लाडाने येतो हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. विवरात एकत्र उतरणाऱ्या दोन जुन्या सोबत्यांपैकी एकाने दुसऱ्याला 'ए तोल्लुस' म्हटले, तर त्या एका हाकेतून त्यांचा परस्परांवरील पूर्ण विश्वास दिसतो, कारण विश्वास नसता तर ती थट्टा करण्याचे धाडस कोणी केले नसते.

सातवी पायरी: शब्दांना भूतकाळ द्या

फ्रेंचमधील 'साक्रब्ल' या उद्गारात देवाच्या नावाच्या जागी निळ्या रंगाचा शब्द बसला आहे, कारण त्या दोन शब्दांचे उच्चार जवळचे आहेत. अशी आडवळणे प्रत्येक भाषेत असतात. आपल्या नमुन्यात 'दाझ' च्या जागी 'दिस' म्हणजे भिजणे घालून मोठी माणसे मुलांसमोर 'तोग नू दिसिक', तुझा दोर भिजो, असे म्हणतील. काही पिढ्यांनी मुलांना ते वाक्य मूळचेच वाटू लागेल. जुनी शिवी झिजून निरुपद्रवी होते आणि तिच्या जागी नवी येते, म्हणून आजोबांच्या पिढीचा एखादा शब्द असा ठेवावा जो नातवंडांना हास्यास्पद वाटतो. दोनतीन शब्दांना असा इतिहास दिला तरी भाषा जुनी वाटू लागते. सर्वांना देण्याची गरज नाही.

आठवी पायरी: कथेत वापरताना आधी नियम दाखवा, मग तो मोडा

वाचकाला 'तोक्कुस' ने धक्का बसावा असे वाटत असेल, तर त्याआधी दोर धरण्याचा प्रसंग त्याने पाहिलेला असावा. काठावर बसलेल्याच्या तळहाताला पडलेले घट्टे, खालून तीन झटके आल्यावरच ओढायला सुरुवात करण्याची शिस्त, दोर दुसऱ्याच्या हाती देताना दोघांनीही मोठ्याने नाव उच्चारण्याची पद्धत, एवढे वाचकाने पाहिले असेल तर शब्दाचा अर्थ एका ओळीत सांगून भागते. तळटीपेतून अर्थ देणे मला योग्य वाटत नाही. वाचक अर्थ समजून घेतो, पण आघात तोपर्यंत निघून गेलेला असतो. ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया हे त्याहून चांगले भाषांतर आहे. खोलीतील सगळे गप्प झाले, कोणीतरी मुलाला बाहेर नेले, एवढ्याने वजन कळते.

अर्थ मुळीच न सांगणे हाही एक मार्ग आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत टोल्कीन यांनी एका ऑर्कच्या, म्हणजे दुष्ट शक्तीच्या बाजूने लढणाऱ्या प्राण्याच्या, तोंडी 'काळी भाषा' या त्यांच्याच कल्पित भाषेतील शिव्यांचे एक पूर्ण वाक्य घातले आणि कथेत त्याचा अर्थ दिला नाही. स्वतःच्या टिपणांत तर त्यांनी त्याचे एकाहून अधिक, परस्परांशी न जुळणारे अर्थ लिहून ठेवले. तरीही वाचणाऱ्याला ते वाक्य द्वेषाचे आहे हे कळते, कारण बोलणारा कोण आहे आणि तो कोणावर चिडला आहे हे आधीच स्पष्ट झालेले असते. हा मार्ग एखाद्याच वेळी वापरावा.

प्रमाण राखणेही तितकेच आवश्यक आहे. हलका उद्गार कितीही वेळा आला तरी चालतो, किंबहुना तो वारंवार आल्यानेच वाचकाच्या अंगवळणी पडतो. जड शब्द मात्र जपून ठेवावा.

नववी पायरी: तपासणी आणि नोंद

बनवलेला प्रत्येक शब्द खऱ्या भाषांत काय आहे हे शोधून पाहावे. निष्पाप वाटणारा ध्वनिसमूह दुसऱ्या कोणाच्या भाषेत देवाचे नाव, जमातीचे नाव किंवा खरीखुरी शिवी असू शकतो. शक्य असल्यास वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या दोघातिघांकडून शब्द मोठ्याने वाचून घ्यावा. कागदावर न दिसणारे साम्य कानाला लगेच कळते.

कल्पित समाजगटांसाठी हेटाळणीची नावे बनवताना अधिक जबाबदारीने वागावे. खऱ्या जगात ज्यांना त्यांच्या जन्मावरून, वर्णावरून किंवा शरीरावरून अपमान सोसावे लागले आहेत, त्यांच्यावरच्या शब्दांचा ध्वनी किंवा घडण उचलून नवे रूप देऊ नये. कथेत भेदभाव दाखवायचा असेल तर तो त्या जगाच्या इतिहासातून उगवू द्यावा, आणि ज्यांना ते नाव दिले जाते त्यांच्या तोंडूनही त्याविषयी काही ऐकू यावे. तो शब्द ते स्वतः वापरतात का, आपसांत त्याचा अर्थ बदलतो का, हे ठरवले की गट जिवंत होतो.

शेवटी कोशात नोंद करताना केवळ अर्थ लिहू नये. 'तोक्कुस' ची नोंद अशी होईल: नाम, दूषण, मूळ 'तोगहकुस', दोर सोडणारा, अतिशय जड, पंचांसमोर दखलपात्र, स्त्रीपुरुष दोघांसाठी समान, मृताविषयी कधीही वापरत नाहीत, सौम्य रूप 'तोल्लुस', जे सोबत्यांमध्ये लाडाने चालते, पहिला वापर कथेच्या अमुक प्रकरणात, अमुक पात्राच्या तोंडी. पुढच्या प्रकरणात कोणी चिडले की आधी ही नोंद उघडावी, आणि त्या पात्राला तो शब्द वापरण्याचा अधिकार, कारण आणि हिंमत आहे का ते पाहून मगच तो त्याच्या तोंडी द्यावा.